अळणी कोरड्यास

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या नगरकडच्या देवळालीच्या बाजूला रस्त्याला वेगळाच वास येतो. मळीचा, शेणाचा आणि चाकाखाली चिरडलेल्या वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा. कारखान्याच्या रस्त्याला एक जुनी बाभळ आहे. तिच्याखाली माझा बाप बैलांना पत्र्या मारायला बसायचा, त्याच्यामागं मी बसायला लागलो. पत्री म्हणजे बैलाचा नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात.

बापाच्या वेळी पहाटे डोळा उघडायचा तो घुंगरांनी. उसाच्या गाड्यांची रांग बाभळीपासून पार कारखान्याच्या फाटकापर्यंत लागायची. गाडीवान कांबळी पांघरून जुवावर बसलेले, बैलांच्या नाकातून वाफा निघतायत, कुणीतरी वाढ्यांचा जाळ केलेला. आम्हा बापलेकांना हातोडी खाली ठेवायला सवड नसायची. माझी रजिया नवी नवरी होती तेव्हा. डोईवर भाकरीचं टोपलं घेऊन यायची आणि बैलांना भिऊन रस्त्याच्या पलीकडंच उभी राहायची. मग एखादा गाडीवान ओरडायचा, "रशीद, तुजी मालकीन आली रं, हातोडी ठेव!" आणि सगळी रांग हसायची.

पुढं ट्रॅक्टर आले. रांग दरवर्षी आखडत गेली. मी सांगतोय त्या वर्षी पाथर्डीकडच्या डोंगरपट्ट्यातल्या थोड्याच गाड्या उरल्या होत्या. त्यातली एक गहिनीनाथची. हा माणूस पोरवयापासून दर हंगामाला यायचा. त्याची बायको रंगुबाई ऊस तोडायची, हा वाहायचा. बैलांना पत्र्या फक्त माझ्याकडून मारून घ्यायचा आणि मारून होईपर्यंत मला शिव्या द्यायचा.

त्याच वर्षी माझा नातू मुजफ्फर आमच्याकडं राहायला आला होता.

माझा लेक अन्वर नगरला सावेडीत रिक्षा चालवतो. मुजफ्फर त्याचा थोरला. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत तो इकडं यायचा तेव्हा दिवसभर बाभळीखाली. वाकडे झालेले खिळे दगडावर ठोकून सरळ करायचा आणि संध्याकाळी रजियाला दाखवायचा, "दादी, बघ, मी किती कमावलं!"

कॉलेजात गेल्यावर त्याला आजार झाला. आधी झोप गेली, मग बोलणं वाढलं. एके सकाळी तो सावेडीहून निघाला तो चालत चालत थेट पारनेरला. तिथं बाजारात येईल त्याला मिठ्या मारत होता. स्वेटर एकाला देऊन टाकला, चपला दुसऱ्याला. अन्वर पोचला तेव्हा तळपायांची सालं निघालेली आणि तोंडावर हसू. "अब्बा, मी समद्यांचं भलं करायला निघालोय," म्हणाला. त्यानंतर कितीतरी दिवस तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. ते दिवस पारनेरपेक्षा वाईट होते.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी पोरगं ठिकाणावर आलं. ही गोळी रक्तात किती आहे ते वेळच्या वेळी तपासायचं आणि पाणी भरपूर प्यायचं, असं अन्वरनं आम्हाला बजावून सांगितलं. मग मुजफ्फर आपण होऊन म्हणाला, "मला दादाकडं जाऊ द्या. तिथं मला झोप लागती."

आला तेव्हा अंगानं जरा सुटलेला होता. गहिनीनाथ पहिल्याच दिवशी म्हणाला, "चाचा, नातवाला गाडीकाट्यावर घालून आना, उसात धरतील." मुजफ्फरनं लगेच सांगितलं, "मामा, मग वाहतुकीचं बिल तुमीच घ्या." गहिनीनाथला हा जबाब फार आवडला. त्या दिवसापासून त्याची आणि मुजफ्फरची दोस्ती जमली.

पोराला काम पटकन आलं. बैलाच्या अंगावरून दोर टाकायचा, मागून हलका ओढायचा, बैल आपसूक बसतो आणि मग कुशीवर होतो. त्याला धपकन पाडायचा नसतो. मुजफ्फरच्या हाताखाली बैल झोपायला आल्यासारखे खाली यायचे. मग चारी पाय एकत्र बांधायचे, दुबेळक्याच्या, म्हणजे दोन फांट्यांच्या लाकडावर टेकवायचे, खूर तासायचा आणि पत्री बसवून खिळा मारायचा. खिळा तिरपा जातो. त्याचं टोक खुराच्या बाहेरच्या अंगाला निघालं पाहिजे. सरळ गेला तर जिव्हाळी, खुराच्या आतल्या जिवंत मांसात लागतो, आणि मग बैल महिनाभर गाडीला जुंपायचं नाव नको. थंडी पडेस्तोवर मी त्याच्या हातात हातोडी दिली. पहिले खिळे त्यानं मारले तेव्हा मला माझ्या बापाचा खांदा आठवला. तो असाच डावा खांदा वर करून मारायचा, आणि मुजफ्फरनं तर त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

त्याच सुमाराला रजियाला चक्कर यायला लागली. गावातल्या दवाखान्यात बीपी निघालं आणि मीठ कमी करायला सांगितलं. रजिया कुठलीही गोष्ट कमी करत नाही, ती बंदच करते. हंडीत मीठ घालायच्या आधी ती स्वतःपुरतं कोरड्यास, भाकरीबरोबरची आमटी-भाजी, वाडग्यात काढून ठेवायला लागली. जेवताना तोंड जरा वाकडं व्हायचं, पण बोलायची नाही.

मुजफ्फरनं ते पाहिलं.

"दादी, तू एकटीच असलं खातीस?"

"तोंडाला सवय व्हती म्हन्त्यात."

"मग आमी बी सवय करतो. एका घरात दोन चवी कशाला?"

तो उठला, मिठाची बरणी उचलली आणि शेजारच्या भागूबाईला देऊन आला. भागूबाईला वाटलं, मीठ मागायला आलाय. ती उलट वाटी भरून द्यायला लागली.

"आन माझं काय?" मी विचारलं.

"तुमचं बी तेच, दादा. घरातलं मानूस अळनी खातंय आन तुमी चवीनं खानार, बरं दिसंल का?"

रजियानं पदर डोळ्याला लावला. त्या रात्रीपासून आमच्या घरात भाकरी अळणी, वांगं अळणी, डाळ अळणी. लोणच्याचा घटसुद्धा गेला. मी पहिल्या आठवड्यातच हरलो. दुपारी उगीच पाय मोकळे करायला म्हणून गहिनीनाथच्या कोपीवर, त्याच्या पाचटाच्या झोपडीवर जायचो. रंगुबाई भाकरीवर ठेचा वाढायची, वर खडे मिठाची चिमूट.

"चाचा, घरी उपास हाय का?"

"उपास परवडला, रंगुबाई."

मुजफ्फरलाही ती बोलवायची. तो दुरूनच हात हलवायचा. "नको मामी, दादीला शबुद दिलाय." आणि बाभळीखाली बसून तीच पचपचीत आमटी भुरकायचा. आज वाटतं, एवढा इमानी नसता तर बरं झालं असतं.

त्याच्या रक्ताची तारीख संक्रांतीच्या सुमाराला होती. तेव्हा गाड्या जोरात होत्या. मी म्हणालो, "हंगाम उरकू दे, मग जाऊ." त्यालाही तेच हवं होतं. पोरगं हसतंय, जेवतंय, रात्री झोपतंय. मग सुई टोचायला नगरला कशाला जायचं? ताप मोडल्यावर कुणी काखेत थर्मामीटर धरतं का?

थंडी सरली. दुपारचं ऊन डांबराला चिकटायला लागलं. मुजफ्फरचा सदरा घामानं पाठीला बसायचा, त्यावर पांढऱ्या रेघा उमटायच्या. मी त्याला पाणी पी, पाणी पी म्हणायचो. तो तांबेच्या तांबे प्यायचा.

आधी त्याचा हात हलला तो बशी धरताना. बारीक हलणं पहिल्यापासूनच होतं, ते गोळीनं होतं असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. पण आता चहा बशीतून मनगटावर सांडायला लागला. मी म्हणालो, अशक्तपणा असेल. रजियानं त्याला आणखी एक भाकरी वाढायला सुरुवात केली.

अशात एक दिवस गहिनीनाथ त्याचा खैऱ्या बैल घेऊन आला. मागच्या पायाची पत्री निखळली होती. बैल पाडला, बांधला. मी खूर तासला आणि सवयीनं हातोडी मुजफ्फरकडं दिली. पहिला खिळा नीट गेला. दुसऱ्याला त्याचा हात असा हलला की हातोडी खिळ्याच्या डोक्यावरून घसरली. त्यानं पुन्हा नेम धरला आणि घाई केली. खिळा सरळ गेला.

खैऱ्या हंबरला नाही. त्याच्या पोटातून एक खोल आवाज आला आणि सगळं अंग थरथरलं. मी खिळा उपसला तसं मागून काळपट रक्त आलं.

गहिनीनाथनं मुजफ्फरला खांद्याला धरून बाजूला सारलं. "हात बघा त्याचे! अरं, हात हायेत का पिंपळाची पानं? चाचा, तुमचं वय झालं त्ये झालं, अक्कल बी गेली का? डोक्याच्या गोळ्या खानाऱ्याच्या हातात हातोडी देता? आता ह्यो बैल पाय टेकीना झाला तर मी गाडीला काय बायकूला जुपू?"

"गहिनी, माझी चूक हाय. मी बघतो बैलाचं."

"तुमी बघा. पन ह्यानं परत माझ्या बैलाला हात लावायचा न्हाई. सांगून ठिवतो."

मी हळद आणि गरम तेल भरून फडकं बांधलं. मुजफ्फर बाभळीच्या बुंध्याला टेकून उभा होता. दोन्ही हात काखेत धरलेले, जसा एखादा थंडीत उभा राहतो. रस्त्यावर उन्हाच्या झळा होत्या.

संध्याकाळी तो चुलीपुढं येऊन बसला. मग म्हणाला, "दादा, गोळ्यांनीच हात कापतो. मी गोळ्या बंद करतो."

रजियानं परातीतला हात थांबवला. "आन परत पारनेरला गेला तर?"

"न्हाई जानार."

"तवा बी सांगून गेल्ता का?"

"दादी, मला दुसरं काय येतं? कालेज गेलं. हे एक काम आलं, त्ये बी ह्या हातानं जानार. डोकं शाबूत ठिवून करू काय, नुसतं बसून?"

खरं सांगायचं तर मी मनातून त्याच्याच बाजूला झुकलो होतो. हात ही आमच्या घराची सगळी मिळकत. आणि पारनेरला जाऊन आता दिवस झाले होते. जखम भरली की माणूस पट्टी सोडतोच. मी एवढंच म्हणालो, "उद्या अन्वरला इचारू."

अन्वरला विचारायची वेळच आली नाही. पहाटे पोराचं पोट बिघडलं, दोनदा उलटी झाली. सकाळी जरा थांबलं म्हणून तो मागं लागून माझ्याबरोबर बाभळीकडं आला. रस्त्यावरच्या अमृतच्या चहाच्या टपरीपाशी चार माणसं उभी होती. मी पुढं होतो. मागून हसण्याचा आवाज आला म्हणून वळलो.

मुजफ्फर रस्ता ओलांडत होता. पाय लांब लांब टाकत होता, आणि टाकलेला पाय कुठं पडेल याचा त्याला अंदाज नव्हता.

"चाचा, नातवानं सकाळीच लावलीय वाटतं," अमृत म्हणाला. "रमजान तोंडावर आला, जरा धाक घाला."

मुजफ्फर जवळ आला. काहीतरी बोलला, पण जिभेला भाकरीचा घास चिकटल्यासारखे शब्द जड झालेले. मी त्या चार माणसांच्या देखत पुढं झालो आणि त्याच्या तोंडाला नाक लावलं.

वास नव्हता.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "दादा, तुमी बी?"

आयुष्यभर मी बैलांची चाल बघून कुठल्या पायात काय बोचतंय ते सांगत आलो. दारुड्याची चाल वेगळी असते. तो पडतो पण त्याला काळजी नसते. या पोराचा चेहरा प्रत्येक पावलाला घाबरत होता. ही प्यालेल्याची चाल नव्हती, कुठंतरी आतून काहीतरी बोचत होतं.

"नगरला न्यायला पायजे," मी म्हणालो, पण कुणाला म्हणालो ते मलाही कळलं नाही.

टपरीच्या मागं गहिनीनाथ वाढे सोडवत होता. तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि नगरकडं चाललेला एक कांद्याचा पिकअप अंगावर घेतल्यासारखा थांबवला. ड्रायव्हर शिव्या देत असतानाच त्यानं मुजफ्फरला उचलून पुढं बसवलं. घरावरून जाताना रजियाला घेतलं. आम्ही दोघं मागं कांद्याच्या गोण्यांवर.

वाटेतून मी फोन केला होता, दवाखान्याच्या दारात अन्वर उभाच होता. जयाताई नावाच्या सिस्टरनं पोराचं वजन केलं, बीपी घेतलं, दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं. "याआधी रक्त कधी तपासलंत?" तिनं विचारलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिलो. अन्वर माझ्याकडं बघत राहिला.

डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, पण घाई नव्हती. त्यांनी मुजफ्फरला दोन्ही हात पुढं धरायला सांगितलं. हात पुढं आले आणि पंख आपटावेत तसे हलले. त्याला सरळ चालायला लावलं. मग विचारायला लागल्या. जुलाब कधीपासून? पाणी पितो का? अंगदुखीची कुठली गोळी मेडिकलमधून आणली का? गोळ्या ठरल्यापेक्षा जास्त घेतल्या का? जुलाब आजपासून, पाणी भरपूर, बाकी सगळ्याला नाही, नाही.

"जेवण?"

रजिया पुढं झाली. तिला वाटलं, एक तरी गोष्ट अभिमानानं सांगण्यासारखी आहे. "जेवायचं विचारूच नगा, बाई. लई गुनाचं पोरगं. मला मीठ बंद केलं तवापासून माझ्यासाठी ह्यो बी अळनीच खातो. आमच्या घरात थंडी पडल्यापासून मीठ न्हाई. येका शबदानं कुरकुर केली न्हाई त्यानं."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. "अजिबात मीठ नाही?"

"चिमूटसुदीक न्हाई." रजियानं बोटांची चिमूट वर धरून दाखवली.

अन्वर मटकन बाकावर बसला. "बाई, तुमी मला सांगितलं हुतं. मीठ नेहमीसारखं खायचं, कमी करायचं न्हाई. मला वाटलं, नेहमीसारखंच खायचंय तर त्यात सांगायचं काय. मी पान्याचं तेवढं सांगितलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रजियाच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "आजी, ही गोळी पण एक प्रकारचा क्षारच आहे. शरीराला मीठ मिळालं नाही की ते मीठ समजून या गोळीलाच धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. त्यात उन्हातलं काम आणि घाम. गोळी तेवढीच घेतली, पण रक्तात साठत गेली. संक्रांतीला रक्त पाहिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं."

रजियाचा हात हवेतच राहिला होता. तो तिनं हळूच खाली घेतला आणि स्वतःच्या तोंडावर मारून घेतला. एकदा. जयाताईनं तो पटकन धरला. "आजी, असं नाही करायचं. वेळेवर आलात."

माझ्या तोंडात रंगुबाईच्या ठेच्याची चव आली. मी बाहेर जाऊन नळावर चूळ भरली.

पोराला ठेवून घेतलं. किडनीला धक्का बसलाय का ते एक-दोन दिवसांत कळेल, म्हणाल्या. त्या दिवसांत रजियानं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. लग्न झाल्यापासून आम्ही एवढा वेळ गप्प बसलो नव्हतो. खिडकीतून सावेडीकडं जाणाऱ्या रिक्षा दिसायच्या. मला उगीच वाटायचं की आता घुंगरांचा आवाज येईल. या शहरात मी बापाबरोबर लोखंड घ्यायला यायचो, तेव्हा बाजारापर्यंत बैलगाड्या यायच्या आणि बाप पायाकडं बघून ओळखायचा, ही पत्री आपली आहे.

तिसऱ्या दिवशी मुजफ्फरची जीभ मोकळी झाली. वर टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडं बघून त्यानं जयाताईला विचारलं, "ताई, ह्यात काय असतं?"

"मीठ आणि पाणी."

"ऐकलं का दादी? तुझ्याआधी मला मीठ मिळालं."

रजिया हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. मग तिनं बशीभर चहा घेतला.

किडनीला धक्का बसला नव्हता. रक्तातली गोळी उतरली तशी हाताचं हलणंही उतरलं. निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गोळी पुन्हा सुरू करावी, पण आधीपेक्षा कमी, आणि सुरुवातीला रक्त लवकर लवकर तपासून. दुसऱ्याही गोळ्या आहेत, पण त्यांनी वजन आणि साखर वाढू शकते, मग ते तपासावं लागेल. "तुला ही लागू पडली होती. पण शरीर तुझं आहे, मुजफ्फर. विचार कर आणि सांग."

त्या गेल्यावर पोरगं छताकडं बघत राहिलं. "परत तीच गोळी, दादा? हिनंच तर पाडलं."

मला एकाच कामातले शब्द येतात. "जिव्हाळी खिळा लागला तर आपन काय करतो?"

"उपसतो."

"मग?"

"खूर भरू देतो."

"आन मग बैल बिनपत्रीचाच डांबरावर घालतो का?"

रजिया चिडली. "पोरगं म्हंजी बैल हाय व्हय तुमाला? पत्री मारा, जुपा!"

"न्हाई दादी, बरोबर हाय त्यांचं," मुजफ्फर म्हणाला. "पन ह्या टायमाला खिळा कुठं जातोय त्ये मी बघनार. रक्ताची तारीख मी सांभाळीन. तुमी दोघांनी त्यात पडायचं न्हाई. दादा तर मुळीच न्हाई, त्यांचा हंगाम कवा उरकतच न्हाई."

हे त्यानं हसत म्हटलं, तरी मला लागायचं तिथं लागलं.

आम्ही परत आलो तेव्हा कोप्या उठल्या होत्या. गहिनीनाथची गाडी गावाकडं गेली होती. खैऱ्या चालतोय एवढा निरोप रंगुबाईनं भागूबाईजवळ ठेवला होता. बाभळीखाली वाढ्यांचा चुरा आणि विझलेली राख. हंगाम संपल्यावर ती जागा नेहमीच पोरकी वाटते, त्या वर्षी जरा जास्त वाटली.

पावसाळाभर मुजफ्फर ठरल्या दिवशी पहाटेच्या एसटीनं नगरला जायचा. रात्रीची गोळी घेतलेली, सकाळची न घेता आधी रक्त. जयाताई वजन करायची, कंबर मोजायची, बीपी बघायची. मध्यंतरी थायरॉईड बिघडलं तेही त्यामुळं वेळेवर कळलं, त्याची एक वेगळी गोळी लागली. पहिल्या दोन खेपांना मी बरोबर जायचा हट्ट धरला. तिसऱ्या खेपेला तो मला न उठवताच निघून गेला. रजिया म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. तुमी गेलाव का, बाकावर बसून घोरताव नुसते."

घरी आल्यावर तो परसात एका जुन्या ओंडक्यावर खिळे मारत बसायचा. तिरपे. दिवसभर टक टक ऐकू यायची. हात अजून बारीक हलायचा, कायमचाच हलणार असं बाईंनी सांगितलं होतं. पण तो आता हलणं थांबायची वाट बघत नव्हता. मनगट गुडघ्याला टेकवून मारायला शिकला होता. माझ्या बापाला असं मारताना मी कधी पाहिलं नाही. हे त्याचं त्यानं काढलं.

पुढच्या हंगामाला गाड्या आणखी कमी आल्या. दिवाळीनंतर एका सकाळी मी एकटाच बाभळीखाली होतो. गहिनीनाथ आला, बैल नवा होता, कोवळा. त्यानं बैल सावलीला बांधला आणि इकडंतिकडं बघितलं.

"मुजफ्फर कुठाय?"

"नगरला गेलाय. रक्त तपासायला."

"बरा हाय न्हवं?"

"बरा हाय. आन बैल, मी मारतो पत्री."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं म्हाताऱ्या बैलाकडं बघतात. "चाचा, तुमाला आता खिळा दिसतो का माशी दिसती? गेल्या साली तुमी मारलेली पत्री पाडव्याच्या आत निखळली. मी थांबतो."

"दुपार व्हईल."

"व्हऊ द्या. ऊस काय पळून जातोय का?"

तो वाढ्यांच्या पेंडीवर बसला. आम्ही जुन्या गोष्टी काढल्या. कोणत्या साली रांग गावापर्यंत आली होती, कुणाचा बैल थंडीनं गेला, माझा बाप कुणाला हातोडी फेकून मारायचा. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. समोरून एकामागून एक ट्रॅक्टर जात होते, धुरळा आमच्या अंगावर बसत होता.

ऊन कलायच्या आत एसटी थांबली. मुजफ्फर उतरला. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा तसाच चिकटलेला. गहिनीनाथला बघून तो जागीच थबकला.

"काय म्हनली डाक्टरीन?" गहिनीनाथनं बसूनच विचारलं.

"बरोबर हाय म्हनली. रक्तात जेवढी पायजे तेवढीच हाय."

"बरं. मग आता सदरा काढ. ह्यो बैल जरा लाथाळ हाय, आधीच सांगतो. आन चुकलास तर शिव्या खाशील, आजारी म्हनून सोडनार न्हाई."

"आधी भाकर खातो, मामा. सकाळपासनं उपाशी हाय."

"खा की. मी कुठं चाललोय?"

त्यानं हात धुतले, रजियानं बांधून दिलेलं फडकं सोडलं आणि सावकाश जेवला. मग उठून बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मी सवयीनं हातोडीच्या बाजूला बसलो होतो. तिथून उठलो, दोर उचलला आणि बैलाच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. बाप हातोडी धरायचा तेव्हा माझी जागा ती; तो गेल्यापासून त्या बाजूला मी उभा राहिलो नव्हतो.

"ओढा, दादा," मुजफ्फर म्हणाला. "हळू."